पाला ओढणारे यंत्र आणि पत्र्यावरचा कर



मेळाव्याच्या अंकात कापसाचा भाव सोडून अमेरिकेतल्या अंगणातला पाला कशाला, असे काही जण विचारतील. विचारू द्या. भावाचे भांडण आपण सोडलेले नाही. पण ज्या माणसाला आपल्या हाताने यंत्र करता येते, उघडता येते, मोडून पुन्हा जोडता येते, त्याला दुकानदार आणि साहेब दोघेही जरा दबून असतात. म्हणून ही गोष्ट.

अमेरिकेत शहराबाहेर ज्याचे घर आहे त्याच्या घराभोवती अर्धा एकर, एक एकर हिरवळ असते. तिच्यातून दाणाही मिळत नाही आणि वैरणही मिळत नाही. ती कापायला त्याच्याकडे बसून चालवायचे यंत्र असते, दिसायला आपल्या मिनी ट्रॅक्टरचे पिल्लू. पंधरा-वीस हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन. पोटाखाली उलट्या परातीसारखे पत्र्याचे कवच, त्यात दोन-तीन आडवी पाती गरगरतात आणि कापलेले गवत बाजूच्या तोंडातून बाहेर फेकतात. आपल्याकडे तेवढ्या ताकदीवर माणूस पाच-दहा एकरांची डवरणी-फवारणी उरकील. तिकडे ती दारचे गवत कापण्यात जाते. असो. ज्याचे आहे त्याने ते कशालाही वापरावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे पानगळ होते. मेपल, ओक अशी मोठी झाडे पंधरा-वीस दिवसांत उघडी पडतात आणि अंगणात घोटाभर पाला साचतो. तो उचलायला तयार यंत्र मिळते: मागे ओढायची गाडी, तिच्यावर स्वतंत्र इंजिन, मोठा पंखा आणि जाड पाईप. किंमत दोन हजार डॉलरच्या आगेमागे. वर्षातून तीन आठवडे लागणाऱ्या वस्तूला एवढे पैसे मोजायचे तिकडच्या मास्तराच्या आणि गॅरेजवाल्याच्याही जिवावर येते. मग तो काय करतो? घरी बनवतो. हजारो लोकांनी बनवली आहेत, आणि कोणालाही परवानगी मागितलेली नाही.

बनवतात कशी ते नीट सांगतो, कारण मेख तिथेच आहे.

कापणीयंत्राच्या कवचाला जिथून गवत बाहेर पडते त्या तोंडावर पत्र्याचे किंवा रबराचे बूच बसवतात आणि त्याला सहा किंवा आठ इंची लवचिक पाईप जोडतात. पाईपचे दुसरे टोक मागच्या छोट्या ट्रॉलीवरच्या पंख्याच्या मध्यावर. पंखा म्हणजे जाड लोखंडी चकती, तिच्यावर उभ्या सरळ वेल्ड केलेल्या तीन-चार पट्ट्या आणि भोवती गोल डबा. पाच-सहा हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन तो मिनिटाला तीन हजार सहाशे फेऱ्यांनी फिरवते. पाला मध्यातून आत येतो, पट्ट्यांचा मार खाऊन चुरा होतो आणि कडेच्या तोंडातून मागच्या प्लायवूडच्या पेटीत जाऊन पडतो. पेटीच्या वर जाळी. पेटी भरली की मागचे दार उघडून ओतायची.

वाचता वाचताच तुमच्यापैकी अनेकांच्या ध्यानात आले असेल की हे काही नवीन नाही. ज्वारीचा कडबा कापून वर फेकणारे कुट्टी मशीन आठवा. चाक, चाकावर पाती, आणि कुट्टी उंच फेकणाऱ्या पट्ट्या. मळणी यंत्रातला पंखा तोच. आणि जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगात जो मोठा नळ खुपसतात, ज्यातून सरकीसकट कापूस सरसर आत ओढला जातो, तोही हाच हिशेब. आपण कापसाची गाडी रिकामी करून वजनाच्या काट्याशी भांडत असतो तेव्हा हे शास्त्र आपल्या डोळ्यांसमोर चाललेले असते. तिकडच्या मास्तराने अंगणातल्या पाल्याला लावले ते जिनिंगचेच शास्त्र.

आता त्यातला हिशेब. हलका माल हवेबरोबर पाईपमधून जायचा तर हवेला वेग लागतो, मिनिटाला साधारण चार ते पाच हजार फूट. त्याहून कमी झाला की माल पाईपच्या तळाशी बसतो आणि पाईप तुंबतो. सहा इंची पाईपमधून साडेचार हजार फुटांचा वेग ठेवायचा तर मिनिटाला सुमारे नऊशे घनफूट हवा ओढावी लागते. आठ इंची पाईपला सोळाशे. पाईप दोन इंचांनी वाढला आणि हवा पावणेदोन पट लागली. इंजिन तेच ठेवून नुसता पाईप मोठा केला तर ओढ वाढत नाही, कमी होते. घरी बनवणारे बहुतेक जण पहिल्यांदा इथेच अडकतात.

दुसरे अडकण्याचे ठिकाण पेटी. पाला आत घालायचा म्हणून माणूस पेटी चारही बाजूंनी घट्ट बंद करतो. मग पंखा नुसता ओरडतो, ओढत नाही. आलेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा येणार कुठून? सोळाशे घनफूट हवेला चार फूट बाय चार फूट जाळी दिली तर जाळीजवळ वेग मिनिटाला शंभर फुटांवर येतो. पाला खाली बसतो, हवा निघून जाते. म्हणजे पाईपच्या तोंडाच्या चाळीस-पन्नास पट जाळी. खळ्यावर वारा पडला की उफणणी थांबते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यासाठी इंजिनीअर बोलवावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट पंख्याचा तोल, आणि हिच्याबद्दल आम्ही जास्त बोलणार आहोत. एक फूट व्यासाचा पंखा तीन हजार सहाशे फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटर असतो. एका बाजूची पट्टी दुसरीपेक्षा फक्त दहा ग्रॅमने जड झाली, वेल्डिंगचा एक थेंब जास्त पडला म्हणा, तरी दर फेरीला वीस किलोचा हिसका बसतो. मिनिटाला तीन हजार सहाशे हिसके. बेअरिंग जाते, मग वेल्ड तडकतो, मग पट्टी सुटते. त्या वेगाने सुटलेली लोखंडी पट्टी बंदुकीच्या गोळीची बहीण. म्हणून जाणते लोक पंखा शाफ्टवर चढवून दोन सरळ पट्ट्यांवर मोकळा लोळू देतात. दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे, तिथून ग्राइंडरने घासायचे. कुठेही थांबू लागला की तोल साधला. हे करायला अर्धा दिवस जातो. तो वाचवणाऱ्याने यंत्र बनवूच नये.

आता सरळ प्रश्न. हे आपल्याला कशाला?

शेतातला पाला ओढायला तर नक्कीच नको. कोणी उत्साही तरुण पऱ्हाटीखालचा पाला गोळा करण्याचे यंत्र काढायला निघाला असेल तर त्याला थांबवा. तिकडे अंगणातला पाला हा कचरा आहे. आपल्या कोरडवाहू काळ्या रानात सेंद्रिय अंश आधीच नावाला उरला आहे, आणि कपाशीचा, तुरीचा गळलेला पाला हे त्या रानाचे फुकटचे खत आहे. तो रानातच कुजू द्यावा.

कापूस वेचायला म्हणाल, तर तो विचार दर हंगामात कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात येतोच. वेचणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर किलोमागची मजुरी बोंडाला घाम फोडते. मग वाटते, पाठीवर पिशवी आणि हातात ओढणारी नळी असली तर? आमचे मत ऐका. एका बोंडात सरकीसह कापूस तीन ते पाच ग्रॅम. चार धरले तर एका क्विंटलला पंचवीस हजार बोंडे. नळीचे तोंड पंचवीस हजार वेळा बोंडाशी न्यायचे. हात आणि नळी यांत वेगाचा फरक मग कितीसा राहणार? आणि नळीला पाला व कापूस यांतला फरक कळत नाही. बोंडाखालची वाळलेली पाने, बोंडाच्या टोकाचे चिपाड, सगळे तिला सारखेच हलके. आपल्या बाया सकाळच्या दवात बोटांच्या टोकांनी नुसता कापूस उचलतात, कवडी वेगळी काढतात. ते काम पंखा करीत नाही. पालाच हवा असेल तर पाला ओढणारे यंत्र चांगले; पाला नको असेल तिथे तेच यंत्र मालाची प्रत घालवते आणि व्यापाऱ्याच्या हाती भाव पाडायला निमित्त देते.

अमेरिकेतही हवेने कापूस ओढण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. जिंकले ते चातीचे यंत्र. जॉन रस्ट हा टेक्सासमधल्या शेतकरी घरातला, लहानपणी कापूस वेचलेला माणूस. कापूस यंत्राच्या चातीला चिकटायचा पण सुटायचा नाही, हे कोडे त्याला छळत होते. आजीच्या चरख्याची चाती ओली केली की कापूस तिला पटकन धरतो, हे आठवले आणि त्याने गुळगुळीत ओल्या चातीचे यंत्र केले. १९३६ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या स्टोनव्हिल येथे त्याने ते लोकांसमोर चालवून दाखवले. त्या यंत्राने पुढे लाखो वेचणाऱ्या गरिबांचे काय केले हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे एवढेच पाहा की कोडे सुटले ते चरखा पाहिलेल्या पोराच्या डोक्यात.

काही जण म्हणतील, कीड ओढून घेऊ. तेही होते, पण सगळीकडे नाही. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरून ट्रॅक्टरला लावलेले मोठे पंखे फिरवून रस शोषणारे ढेकूण ओढून घेतात; १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ते चालले आहे. आपली दुखरी नस मात्र गुलाबी बोंडअळी. ती बोंडाच्या आत, सरकीत बसलेली. तिला पंखा काय करणार? तिच्यासाठी फरदड न घेणे आणि पऱ्हाटी वेळेवर काढून रान मोकळे करणे, हेच खरे.

मग उरते काय? उरते ते कुटार.

सोयाबीन, तूर, हरभरा यंत्रातून निघाले की खळ्यावर किंवा धुऱ्याला कुटाराचा डोंगर राहतो. उन्हाळ्यात कडबा संपल्यावर जनावर त्यावरच दिवस काढते. कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. ज्वारीचा पेरा घटला तसा कडबा घटला आणि गोठ्यात कुटाराची किंमत वाढली. पण ते भरायचे कोणी? तुरीचे कुटार अंगाला लागले की दोन दिवस खाज जात नाही. धूळ नाका-डोळ्यांत. रोजाने माणूस यायला तयार नसतो, आला तर निम्मे काम टाकून जातो. शेवटी कंटाळून अनेक जण काडी लावतात. बैलाचे चार महिन्यांचे पोट एका संध्याकाळी जळते. आम्ही जाळणाऱ्याला दोष देत नाही. पाठ मोडून भरलेल्या कुटाराला त्या श्रमाचे मोल मिळत नसेल तर तो दुसरे काय करील?

इथे तो पालाओढ्या पंखा नेमका बसतो. काम अगदी तेच आहे: हलका, कोरडा, सुटा माल ढिगातून उचलून उंच बाजूच्या ट्रॉलीत टाकणे. अंगणभर फिरायचेही नाही, ढीग एका जागी असतो. आपल्याकडे कापणीयंत्र नाही, पण पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन किंवा दारचा ट्रॅक्टर आहे. डिझेल इंजिन पंधराशे फेऱ्यांचे असेल तर इंजिनाला आठ इंची आणि पंख्याला सहा इंची पुली बसवा, पंखा दोन हजारांवर जातो. तेवढ्या फेऱ्यांना सोळा इंच व्यासाचा पंखा पुरे. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टच्या पाचशे चाळीस फेऱ्या मिळतात; तिथे पंधरा इंची पुलीवरून सहा इंचीवर पट्टा घ्या, साडेतेराशे होतात, आणि पंखा चोवीस इंचांचा करा. दोन्हींत कडेचा वेग सारखाच, मिनिटाला साडेआठ हजार फुटांच्या जवळपास. पाईप आठ इंची, दहा-बारा फुटांहून लांब नको. शाफ्ट तीस मिलिमीटरचा घेतला तर यूसीपी २०६ हे पेडेस्टल बेअरिंग तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळते. पंख्याच्या पट्ट्या सरळ ठेवा. वाकवलेल्या पट्ट्यांच्या बेचक्यात कुटाराचे लांब काड अडकते.

एक गोष्ट अमेरिकेच्या अंगणात कमी लागते आणि आपल्याला जास्त: दगड. खळ्यावरच्या ढिगात खडा, ढेकूळ, एखादा नटबोल्ट असायचाच. तो पंख्यात गेला की पट्टी वाकली. म्हणून पाईप आणि पंखा यांच्यामध्ये पाईपच्या तोंडाच्या चौपट क्षेत्रफळाची पत्र्याची पेटी घाला. तिथे हवेचा वेग पाव होतो. कुटार तरंगत पुढे जाते, खडा खाली पडतो. जिनिंगमध्ये कापसातले दगड आणि कच्ची बोंडे अशाच युक्तीने वेगळी काढतात. पेटीला खाली दार ठेवा आणि तासाने ती रिकामी करा.

आणि हात. भावांनो, मळणी यंत्राने या महाराष्ट्रात किती जणांचे पंजे खाल्ले आहेत ते प्रत्येक गाव जाणते. १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा झाला तो मळणी यंत्रांनी घेतलेल्या हातांमुळेच. कायदा पुस्तकात राहिला, चाडी लांब करणे पत्रेवाल्याच्या मर्जीवर राहिले. घरी यंत्र बनवणाऱ्याला कायद्याने नव्हे तर बायकापोरांच्या तोंडाकडे पाहून नियम पाळावे लागतात. पाईपच्या तोंडाला मनगट आत जाणार नाही इतक्या जवळजवळ आडव्या सळ्या वेल्ड करा. पट्ट्यावर जाळी. पंख्याचा डबा किमान तीन मिलिमीटर पत्र्याचा. खत-औषधाच्या पिंपाचा पातळ पत्रा सुटलेल्या पट्टीला अडवत नाही. तुंबलेला पाईप मोकळा करायचा तर आधी इंजिन बंद, पंखा थांबलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच हात. इंजिनाची धुराडी ढिगापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. चालवणाऱ्याने नाकातोंडाला ओला रुमाल बांधावा. धोतर, साडी, ओढणी, लोंबता गमछा घालून फिरत्या शाफ्टजवळ कोणीही उभे राहू नये, मालकही नाही.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल, हे सगळे करण्यापेक्षा सरकारी अनुदानातून यंत्र घेऊ. घ्या, मिळत असेल तर जरूर घ्या, तो पैसा तुमचाच आहे. पण अनुदान मिळते ते परीक्षण झालेल्या, यादीतल्या यंत्राला. तुमच्या गावच्या वेल्डरने तुमच्या खळ्याच्या मापाने केलेल्या यंत्राला यादीत जागा नाही. अर्ज करायचा, वाट पाहायची, आणि यादीत जे आहे ते आपल्या गरजेत कोंबायचे. हे म्हणजे दर्ज्याने शिवलेल्या सदऱ्याला बसेल असा माणूस शोधण्यासारखे आहे.

गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगाणी. तो मुलूखही आपल्यासारखाच, पावसावरचा, कापसाचा आणि भुईमुगाचा. दुष्काळात बैल सांभाळणे परवडेना. १९९४ मध्ये त्यांनी बुलेट मोटारसायकलीचे मागचे चाक काढले, तिथे दोन चाकांचा जोड बसवला, डिझेल इंजिन लावले आणि मागे कोळपायची, पेरायची अवजारे अडकवली. लोक त्याला बुलेट सांती म्हणतात. सौराष्ट्रातल्या किती कारागिरांनी तिची नक्कल केली याला मोजमाप नाही. जगाणींनी कोणत्याही यादीची वाट पाहिली असती तर?

अमेरिकेतही सगळे आलबेल नाही, हे सांगायलाच हवे. अंगणातले यंत्र माणूस उघडतो, पण शेतातल्या मोठ्या ट्रॅक्टरला आता संगणक बसला आहे. बिघाड झाला की पडद्यावर खूण येते आणि ती पुसायची किल्ली विक्रेत्याच्या हातात. भर सुगीत शेतकरी पाना हातात घेऊन उभा, आणि ट्रॅक्टर त्याला ओळख द्यायला तयार नाही. यावर तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे भांडण केले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने याच कारणावरून जॉन डीअर कंपनीवर खटला भरला. आपल्याकडे २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काची समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीयंत्रे होती. डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. संकेतस्थळाने बेअरिंग बदलत नाही.

आणि आता कराकडे येऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार शेतीयंत्रांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. पंधरा हॉर्सपॉवरपर्यंतच्या डिझेल इंजिनालाही तो लाभ मिळाला. चांगले झाले, आम्ही नाव ठेवीत नाही. पण लोखंडी पत्रा, अँगल, बेअरिंग, पट्टा, वेल्डिंगच्या कांड्या? यांवर अठरा टक्के होता आणि अठराच राहिला. कारखानदार पत्र्यावर भरलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही. त्याने भरला तो बुडाला. दहा हजारांचा पत्रा आणि सामान घेऊन जो घरी यंत्र करतो तो अठराशे रुपये कर भरतो. छत्तीस हजारांचे तयार यंत्र दुकानातून घेणाराही अठराशेच भरतो. एकाने घाम गाळून छत्तीस हजारांचे काम दहा हजारांत बसवले, आणि सरकारने दोघांना एकाच मापाने मोजले. कौशल्यावर कर लावायचा आणि व्यासपीठावरून आत्मनिर्भरतेची भाषणे द्यायची, याला आमच्या गावात वेगळा शब्द आहे. तो छापण्यासारखा नाही.

आमची मागणी अवघड नाही. शेतकरी खातेदाराने सातबारा दाखवून यंत्र बनवण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी घेतलेल्या लोखंडावर, बेअरिंगवर, पट्ट्यावर तयार यंत्राइतकाच, पाच टक्केच कर असावा. आणि गावच्या वेल्डरने केलेल्या यंत्राचे परीक्षण तालुक्याच्या ठिकाणी, शेतकऱ्याला परवडेल अशा फीमध्ये व्हावे. पंख्याचा तोल, पट्ट्याची जाळी, तोंडाच्या सळ्या एवढे पाहिले तरी पुष्कळ. त्यात पास होईल त्याला यादीतल्या यंत्राएवढेच अनुदान.

दिल्लीला हे तोंडी सांगून भागणार नाही. म्हणून मेळाव्याला येताना गेल्या दोन हंगामांत पत्रा, अँगल, बेअरिंग, पट्टा घेतल्याची जी बिले घरात असतील ती सोबत आणा. अठरा टक्क्यांचा आकडा ज्यावर छापलेला आहे ते पक्के बिल हवे, कच्ची चिठ्ठी चालणार नाही. ज्यांनी खळ्यावर असा पंखा करून पाहिला असेल त्यांनी पुलीची मापे, पंख्याचा व्यास आणि पाईपची लांबी कागदावर लिहून आणावी, आणि कुटाराची एक ट्रॉली भरायला किती वेळ आणि किती डिझेल लागले तेही.